सरड्याचे अंदाजपत्रक



‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो खचित हिशेबी गृहस्थ असला पाहिजे. वस्तूची किंमत निराळी आणि ती वस्तू घरात आणल्यावर पडणारा खर्च निराळा, हे मोठे तत्त्व त्याने स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगून ठेवले आहे. माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय या एका म्हणीत सामावलेला आहे. फरक इतकाच की कोंबडीच्या जागी मी सरडा घेणार आहे.

हे ऐकून कित्येकांस हसू येईल. सरडा ही का पाळावयाची वस्तू आहे, असेही कोणी विचारील. परंतु काळ बदलला आहे. सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतून मुलांच्या हाती आज साऱ्या जगाची चित्रे येऊन पडतात. त्या चित्रांत कोणा परदेशस्थ मुलाच्या बोटावर बसलेला, डोळे गरगर फिरविणारा, हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तपकिरी होणारा शॅमेलिऑन त्यांना दिसतो. मग मूल वडिलांजवळ येऊन म्हणते, “मला असा एक आणा.” अशा वेळी ‘वेडा आहेस काय’ असे म्हणून विषय मिटविणारे वडील पुष्कळ असतात, आणि लाडाने दुसऱ्याच दिवशी बाजारात जाणारेही असतात. या दोघांचाही मार्ग मला पसंत नाही. तिसरा मार्ग आहे. मुलाला शेजारी बसवावे, वही उघडावी आणि हिशेब मांडावा. मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात गेली ती शाळेत अंकगणित शिकविण्यात. तेव्हा माझ्याकडून जे काही मिळेल ते अंकगणितच असेल.

प्रथम प्राण्याची ओळख करून घेऊ. आपल्या कुंपणावर बसून मान वरखाली करणारा जो सरडा आपण रोज पाहतो तो शॅमेलिऑन नव्हे. विणीच्या दिवसांत त्याचेही डोके आणि गळा लालबुंद होतो, म्हणून रंग बदलण्याची सारी कीर्ती लोकांनी त्याच्याच पदरी बांधली आहे. खरा शॅमेलिऑन म्हणजे ज्याला आपल्याकडे घोयरा म्हणतात तो. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्कर बेटावर आहेत, आणि भारताच्या वाट्याला आलेली जात एकच, ती हा घोयरा. शेपूट धरून सव्वा फुटाच्या आतबाहेर लांबी, अंगाने दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, चिमट्यासारखे पाय, फांदीला विळखा घालणारे शेपूट, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन डोळे, आणि शरीराच्या लांबीहूनही दूर जाणारी जीभ. हा इतका सावकाश चालतो की वाऱ्याने पान हलावे तसा डुलत डुलत पाऊल टाकतो. खेड्यापाड्यांत त्याला विषारी समजतात आणि दिसताच दगड घालतात. वास्तविक त्याच्यापाशी विषाचा थेंबही नाही. शेतातले किडे खाऊन तो आपल्या उपयोगीच पडतो.

रंगाविषयीही एक गैरसमज आहे. ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग तो घेतो असे आपण समजतो. राजकारणातील माणसांस आपण सरड्याची उपमा देतो ती याच समजुतीवर. परंतु शॅमेलिऑनचा रंग बदलतो तो मुख्यतः ऊन-थंडी, भीती, राग, मादीचे आकर्षण आणि प्रतिस्पर्ध्याला द्यावयाची सूचना यांमुळे. २०१५ साली जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीविषयी असे दाखवून दिले की, त्याच्या त्वचेतील काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. त्या स्फटिकांमधील अंतर कमीअधिक झाले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि रंग पालटतो. म्हणजे उपमाच द्यावयाची तर ती लबाड माणसास न देता, मनातले चेहऱ्यावर दिसते अशा सरळ माणसास दिली पाहिजे! पाळणाऱ्याच्या दृष्टीने या गोष्टीला महत्त्व आहे. हातात घेतल्यावर त्याचा रंग काळपट झाला तर मुलांना गंमत वाटते. प्राणी मात्र त्या रंगाने ‘मला सोडा’ असे सांगत असतो.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. शहाणा कारभारी खर्चाच्या आकड्यापूर्वी एक प्रश्न विचारतो : ही वस्तू घेण्याचा मला अधिकार आहे काय? घोयऱ्याच्या बाबतीत याचे उत्तर सरळ नकारार्थी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे हे सर्व गुन्हे आहेत, आणि त्यांना तुरुंगवास व दंड अशा दोन्ही शिक्षा आहेत. ‘आमच्या रानात सापडला’, ‘पैसे दिले नाहीत’, ‘चार दिवस ठेवून सोडून देणार होतो’ या सबबी तेथे चालत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने पकडणे हीदेखील शिकारच आहे.

चार दिवस ठेवून सोडून देणे म्हटले म्हणजे सांगली जिल्ह्यातील माणसाला बत्तीस शिराळा आठवल्यावाचून राहात नाही. नागपंचमीपूर्वी रानातून नाग धरून आणावयाचे, मडक्यांत ठेवावयाचे, पूजा-मिरवणूक करावयाची आणि नंतर पुन्हा रानात सोडावयाचे, अशी तेथील जुनी प्रथा. यात द्वेष नव्हता, भक्ती होती. तरीही प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचे खेळ व मिरवणूक थांबली. २०२५ साली केंद्र सरकारने शिराळकरांना काही नाग धरण्याची मर्यादित परवानगी दिली, तीही शिक्षणाच्या व पारंपरिक ज्ञानाच्या हेतूने. मनोरंजनासाठी वा धंद्यासाठी नव्हे. यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. माणसाचा हेतू कितीही प्रेमळ असला तरी धरलेल्या प्राण्याच्या बाजूनेही एक हिशेब असतो, आणि कायदा तो विचारतो.

मग परदेशी शॅमेलिऑनचे काय? बाजारात ज्यांची नावे ऐकू येतात ते बहुधा दोन. डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा असलेला येमेन-अरबस्तानकडील एक, आणि मादागास्करचा रंगीबेरंगी दुसरा. यांनाही मोकळे रान नाही. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा सायटिस नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला. त्याच्या यादीत हे प्राणी आहेत. आपल्या अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि या करारातील प्राणी चौथ्या अनुसूचीत दाखल झाले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून करावयाची असते, आणि प्राण्याचा जन्म, मृत्यू अथवा हस्तांतर झाल्यास तेही कळवावयाचे असते. म्हणून विक्रेत्याने प्राणी दाखविण्यापूर्वी आपण कागद पाहावेत. जो विक्रेता ‘कागद कशाला, साहेब, सगळेच ठेवतात’ असे म्हणतो, त्याच्या दुकानातून मुकाट्याने खाली उतरावे. असा प्राणी बहुधा चोरीने आलेला असतो. सामानाच्या पेटीत कोंबून विमानाने आणलेले प्राणी मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार पकडले जातात. जो पकडला जात नाही तो अर्धमेल्या स्थितीत कोणाच्या तरी घरी पोचतो.

समजा, कागद चोख आहेत. आता वहीची दोन पाने करा. एका पानावर एकवार होणारा खर्च आणि दुसऱ्यावर नित्याचा खर्च. वस्तूंचे दर गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात. म्हणून मी रुपये न सांगता नग, तास आणि युनिटे सांगतो. दर श्रोत्यांनी आपल्या गावचा घालावा. गुणाकार कोणासही येतो.

पहिल्या पानावर सर्वांत वर लिहावयाचा तो पिंजरा. काचेची पेटी नव्हे. या प्राण्याला उंची आणि खेळती हवा लागते. पूर्ण वाढलेल्या एका प्राण्यासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असा जाळीचा पिंजरा हे साधारण मान समजतात. ‘एका प्राण्यासाठी’ हे शब्द मुद्दाम म्हणतो. शॅमेलिऑन एकलकोंडा आहे. जोडीला दुसरा आणला तर दोघेही झुरतात, कारण समोरून हलता न येणारा शत्रू ही त्यांच्या दृष्टीने रोजची शिक्षा होते. पिंजऱ्यात जिवंत झाडे हवीत आणि बोटाएवढ्या जाडीच्या आडव्या फांद्या हव्यात. त्यावर उष्णतेचा एक दिवा, अतिनील किरणांची एक नळी, दोन तापमापक, एक आर्द्रतामापक, वेळेवर दिवे लावणारे-मालवणारे घड्याळ आणि पाण्याचा फवारा. हा प्राणी वाटीतले पाणी सहसा पीत नाही. पानावरून ओघळणारे थेंब त्याला दिसले तरच तो जीभ लावतो. दिवसातून दोनतीन वेळा पाऊस पाडण्याचे काम आपल्याकडे येते.

अतिनील किरणांची नळी कशाला, असे विचाराल. आपल्याकडे मुले उन्हात खेळली नाहीत तर मुडदूस होतो असे जुनी माणसे म्हणत. तोच प्रकार येथे आहे. त्या किरणांवाचून अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यावाचून कॅल्शियम हाडांत बसत नाही, हाडे मऊ पडून वाकतात, आणि प्राणी फांदीवरून खाली पडू लागतो. या नळीची एक फसवी खोड लक्षात ठेवावी. तिचा उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत राहतो, परंतु तिच्यातील उपयोगी किरण कमी होत जातात. म्हणून ती न बिघडताही सहा महिन्यांनी ते वर्षाने बदलावी लागते. जो खर्च डोळ्यांना दिसत नाही तो अंदाजपत्रकातून प्रथम गळतो. तेव्हा तो ठळक अक्षरांत लिहावा.

आता दुसरे पान, नित्याच्या खर्चाचे. नीट ठेवलेला येमेनी नर पाच ते आठ वर्षे जगतो असे धरतात. आपण हिशेबाला सहा वर्षे घेऊ, म्हणजे २१९० दिवस. उष्णतेचा दिवा ६० वॉटचा आणि नळी २४ वॉटची, मिळून ८४ वॉट. रोज बारा तास दिवे लावल्यास एका दिवसाला जवळजवळ बरोबर एक युनिट वीज लागते. महिन्याला तीस युनिटे. सहा वर्षांत सुमारे २२००. वर्षाला एक नळी बदलली तर सहा नळ्या, सहामाही बदलली तर बारा.

अन्नाचे पाहा. हा प्राणी जिवंत किडे खातो : रातकिडे, नाकतोडे, झुरळे. वाढत्या वयात पहिले सहा महिने रोज दहा किडे धरा. झाले १८०० किडे. पुढे दिवसाआड पाच धरा. उरलेल्या २०१० दिवसांत १००५ वेळा, म्हणजे ५०२५ किडे. एकूण ६८२५. एका सरड्यापायी सुमारे सात हजार किडे! हे कोठून येणार? ‘उसाच्या बांधावरून धरून आणू’ हे उत्तर मी ऐकले आहे. परंतु तासगावच्या द्राक्षबागा, कृष्णाकाठचा ऊस आणि भाजीपाल्याचे मळे यांवर औषधांची फवारणी होते. त्या रानातला नाकतोडा आपल्याबरोबर थोडे थोडे विष घरी आणील. म्हणजे किडे एक तर विकत आणले पाहिजेत, नाहीतर घरी पैदा केले पाहिजेत. रातकिड्यांची पैदास म्हणजे घरात दुसरे पशुपालन आले. त्यांना खाऊ घालावयाचे, त्यांचा डबा स्वच्छ ठेवावयाचा, आणि रात्रभर त्यांची किरकिर ऐकावयाची. शिवाय प्रत्येक खेपेस किड्यांना कॅल्शियमची पूड लावावयाची. माजघरात ही सारी व्यवस्था मांडण्यापूर्वी घरातील गृहिणीची संमती घ्यावी हे सांगावयास नकोच.

तिसरी बाब वेळेची. फवारणी, सफाई, खाणे, तापमान पाहणे यांस रोज अर्धा तास धरला तर सहा वर्षांत १०९५ तास होतात. आज सातवीत असलेले मूल सहा वर्षांनी बारावी ओलांडून पुण्या-मुंबईला गेलेले असेल. मग हे तास आईच्या नावे पडतील की आजोबांच्या, हे आजच लिहून ठेवावे. माझ्या पाहण्यात मुलांच्या हौसेचे प्राणी आणि कुंड्यांतील झाडे शेवटी आईच्या खात्यावर जमा होतात.

चौथी बाब वैद्याची. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या भागाला भूषणास्पद गोष्ट आहे. गावोगावचे पशुवैद्य गाई-म्हशी-शेळ्यांची उत्तम सेवा करतात. तथापि परदेशी सरड्याच्या रोगांचा नित्य अनुभव असलेला वैद्य शोधावयाचा तर बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. सांगलीहून पुणे दोनशेहून अधिक किलोमीटर आहे. प्राण्याच्या किमतीपेक्षा एका फेरीचे भाडे जास्त होईल, आणि तेव्हाच माणसाची खरी परीक्षा होते. ‘एवढ्याशा सरड्यासाठी एवढा खर्च?’ हा प्रश्न ज्याच्या मनात त्या वेळी येणार असेल, त्याने तो आजच स्वतःला विचारावा. मादी घेणाराने आणखी एक जाणून असावे. ही मादी नराशिवायही अंडी घालते, त्यासाठी तिला ओल्या वाळूचे भांडे लागते, आणि अंडी अडली तर तिचा जीव जातो.

पाचवी बाब आपल्या प्रदेशाची, आणि ही कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. चैत्र-वैशाखात सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो. तेथे दिव्यापेक्षा गारव्याचीच चिंता अधिक. साताऱ्यास पौषातील रात्री चांगल्याच गार असतात. दोन्हीकडे वीज जाते. आणि सांगलीकराच्या अंदाजपत्रकात महापुराचे कलम नसेल तर ते अंदाजपत्रकच नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या दिवसांत लोकांनी गाई-म्हशी पुलावर, रस्त्यावर, शाळांतून बांधल्या. कित्येकांना दावी कापून जनावरे सोडून द्यावी लागली. चार फूट उंच जाळीचा पिंजरा आणि दिवसाला एक युनिट वीज मागणारा प्राणी घेऊन नावेत कसे चढावयाचे, याचे उत्तर ज्याच्याजवळ आहे त्यानेच पुढचे पान उलटावे.

येथे एका घरची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी सातवीत आहे. दिवाळीची ओवाळणी आणि बक्षिसाचे पैसे तिने डब्यात साठविले होते. एके दिवशी कोणा माणसाने बाभळीवरचा घोयरा धरून, थोडक्या पैशांत देऊ केला आणि पावडरच्या डब्याएवढ्या बरणीत घालून ‘आधी पाहा, मग पैसे द्या’ म्हणून त्यांच्या ओट्यावर ठेवून गेला. वडील घरी आले तेव्हा मुलगी बरणीपुढे बसलेली. चार दिवसांत त्याने एक माशीही खाल्ली नव्हती, आणि अंगाचा रंग राखेसारखा झाला होता. वडिलांनी मला बोलाविले. तिला कोणीतरी रागावेल म्हणून ती बरणी पोटाशी धरून बसली होती.

मी रागावलो नाही. वही मागितली, आणि आता श्रोत्यांपुढे जो हिशेब मांडला तोच तिच्याकडून मांडविला. गुणाकार तिनेच केले. तिच्या डब्यातील पैशांत पिंजरा बसत होता, पहिला दिवा बसत होता. दुसऱ्या वर्षीची वीज बसत नव्हती. सात हजार किड्यांच्या आकड्यापाशी ती थांबली. मग तिने विचारले, “आजोबा, हा झाडावर असता तर याला हे सगळे फुकट मिळाले असते ना?” मी म्हणालो, “ऊन फुकट, पाऊस फुकट, किडे फुकट. भाडेसुद्धा नाही.” तिने वहीत घोयऱ्याच्या नावाचे एक पान केले, आणि त्यावर खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिले. त्यानंतर कायद्याची गोष्ट सांगावयास फार शब्द लागले नाहीत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तिच्या वडिलांनी दूरध्वनी केला. कर्मचारी आले, कोणी धरला, कोठून आणला याची विचारपूस झाली, आणि प्राणी त्यांच्या ताब्यात गेला. तो पुढे जगला की नाही हे मला ठाऊक नाही. चार दिवसांच्या उपासाचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

परंतु मुलाच्या हातून एक वस्तू काढून घेतली तर दुसरी दिली पाहिजे, हा शिक्षकाचा धर्म आहे. म्हणून आम्ही त्याच वहीत दुसरे अंदाजपत्रक केले. तेही श्रोत्यांपुढे ठेवतो.

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने पुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते, जेथे पवनचक्क्यांची रांगच रांग आहे. त्या उघड्या कातळावर एक वीतभर सरडा राहतो. पावसापूर्वीच्या दिवसांत त्याचा नर एखाद्या दगडावर चढून गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो, आणि त्या पंख्यावर निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग झळकतात. शास्त्रज्ञांनी २०१६ साली या सरड्याला स्वतंत्र जातीचा मान दिला आणि त्याच्या प्रजातीला लॅटिन-ग्रीक नाव न शोधता आपला मराठी शब्दच दिला : ‘सरडा’. ‘सरडा सुपर्बा’ असे त्याचे शास्त्रीय नाव जगभरच्या ग्रंथांत छापले जाते, आणि त्याची मूळ जागा म्हणून साताऱ्याच्या चाळकेवाडीची नोंद होते. पुढे २०१८ साली त्याच पठारावरील अभ्यासातून असे प्रसिद्ध झाले की, पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली, पण त्या सरड्यांची अंगकाठी आणि रंग दोन्ही उणावले. पाहा, केवळ भिणारा शत्रू नाहीसा झाला तरी रानाचा जमाखर्च बिघडतो. मग चार फुटांच्या जाळीत आपण तो कितीसा बरोबर मांडणार?

या दुसऱ्या अंदाजपत्रकातील कलमे चारच. एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे, एक साधी दुर्बीण, एक वही आणि डोक्याला टोपी. दुर्बीण एकदा घेतली की वीस वर्षे टिकते, तिला वीज लागत नाही, ती उपाशी मरत नाही, आणि महापुरात ती गळ्यात अडकविता येते. नियम दोनच : सरड्यापासून दहा पावले दूर बसावयाचे, आणि दगड उलटावयाचा नाही. वहीत तारीख, वेळ, ऊन, सरड्याचा रंग आणि त्याने काय केले हे लिहावयाचे. घरी परतल्यावर आणखी एक काम. अंगणात वा गच्चीवर जागा असेल तेथे कोरांटी, मेंदी, अडुळसा अशी झुडपे लावावीत आणि त्यांवर औषध फवारू नये. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण हिणवून म्हणतो. कुंपण असेल तर तो तेथवर येतो, हा त्या म्हणीचा दुसरा अर्थ आहे. तो आला की आपल्या पायाने आला, आणि आपल्या मर्जीने जाईल.

ज्याला ऐपत आहे, कागद चोख मिळाले आहेत, सहा वर्षांचा हिशेब ज्याने पुरता मांडला आहे आणि ज्याच्या घरच्या मंडळींनी त्याखाली सह्या केल्या आहेत, त्याला मी अडविणार नाही. त्याने एवढेच करावे : प्राणी आणण्याआधी एक महिना पिंजरा, दिवे, फवारा सारे मांडून रिकाम्या पिंजऱ्याची सेवा करावी. रोज सकाळी फवारावे, तापमान टिपावे, रातकिडे सांभाळावेत आणि विजेचे बिल पाहावे. तीस दिवसांत एकही दिवस चुकला नाही तर पुढे जावे. चुकला, तर जे नुकसान व्हावयाचे ते पैशाचे होईल. जिवाचे होणार नाही.

आणि ज्या घरी आज या घडीला एखादा घोयरा बरणीत वा खोक्यात असेल, त्या घरच्या वडील माणसांस माझी हात जोडून विनंती आहे. हे भाषण संपताच झाकण थोडे उघडे करा, खोके सावलीत ठेवा, आणि १९२६ क्रमांक फिरवा. मुलाला वही द्या. पहिला आकडा त्याच्याच हाताने लिहवून घ्या.